शिंगं खाली

"शिंगं खाली! पाटीवर ठळक लिहा," व्हितोने बजावलं. "वर झाली की सगळा घोटाळा!"

इटलीतल्या बारी शहराच्या संग्रहालयात हशा पिकला. मधली दोन बोटं मुठीत, तर्जनी आणि करंगळी शिंगांसारखी ताठ, जमिनीकडे रोखलेली. व्हितोच्या 'शिरोक्को' बँडचं हे चिन्ह आमच्याकडे पाळण्यावरसुद्धा टांगतात, दृष्ट लागू नये म्हणून. तोच हात आभाळाकडे करून एखाद्या नवऱ्याला दाखवला, तर त्याचा अर्थ होतो: तुझी बायको दुसऱ्याची झाली. मग सुरे निघतात.

उद्या प्रदर्शन उघडणार होतं. मूळ चित्राखाली चित्रकाराच्या नावाची जागा कोरी होती, आणि तिथे व्हितोला बायकोचं, फिलोमेनाचंच नाव हवं होतं. माणूस फुशारक्या मारणारा खरा, पण तिच्यावर त्याचा फार जीव.

"एकोणऐंशी साल," तो ऑर्नेल्लाला सांगू लागला. ती तिथे जुने कागद दुरुस्त करायची. "आमचा पहिला मोठा कार्यक्रम. गिटारची पेटी उघडली, तर तारांवर या चित्राचा कागद. हिच्याशिवाय कोण ठेवणार? तिथल्या तिथे झाकणाला आतून डिंक फासला आणि तसाच चिकटवला. तेव्हापासून मागे वळून पाहिलं नाही!"

"मी नाही रे काढलं," फिलोमेना म्हणाली. "किती वेळा सांगू?"

"लाजते अजून."

"वहिनी नको म्हणतायत तर राहू दे की," दोनातो म्हणाला. तो बँडचा व्यवस्थापक, व्हितोच्या मुलीचा धर्मपिता, घरातलाच माणूस. "सोलताना फाटेल. पेटीसकट मांडा."

"फाटला तर फाटला! मागे हिची सही असणारच. हिने माझ्यासाठी काय केलं, ते लोकांना कळू दे." व्हितोने बाही वर सारली. दंडावर तेच चिन्ह गोंदलेलं होतं.

ऑर्नेल्ला हलक्या हाताने वाफ देत होती. अर्ध्या तासाने कागद सुटला. तिने तो पालथा केला.

"मागे पेन्सिलीने काहीतरी लिहिलंय."

"सही! म्हटलं नव्हतं?" व्हितोने बायकोचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला. "इतकी वर्षं खोटं बोललीस होय गं? ऑर्नेल्ला, मोठ्याने वाच, सगळ्यांना ऐकू दे."

ऑर्नेल्लाने अक्षरं सरळ येतील असा कागद फिरवला. पुढच्या बाजूची शिंगं वर झाली.

"'व्हितो,'" तिने वाचलं, "'तू स्टेजवर गात असतोस तेव्हा दोनातो कुठे असतो, ते एकदा घरी जाऊन बघ.'"