नुसत्या हळदीची आमटी

"दोन-दोन केमो एकदम? वहिनी, जीव तरी उरेल का अंगात? उद्या डॉक्टरांना सांग, एकानेच भागवा!" आत्याने फर्मान काढलं.

आईने मुकाट मान हलवली आणि ऋजुताचं डोकंच फिरलं. आईचा स्तनाचा कॅन्सर यकृतात झपाट्याने पसरत होता, म्हणून तर डॉक्टरांनी दोन औषधं जोडीने सांगितली होती! पण या घरात आत्यापुढे बोलायची टाप कुणाची?

संतापून ऋजुताने स्वयंपाकघरात पातेलं आदळलं. जेवताना आत्याने आमटीचा भुरका मारला आणि तोंड वाकडं केलं. "शी! ही कसली आमटी? मीठ नाही, तिखट नाही!"

"हळद आहे की भरपूर! एकानेच भागतं ना, आत्या?"

"जीभ बघा कार्टीची!" आत्या कडाडली.

आईने वाटी खाली ठेवली. "वन्सं," लग्नानंतर पहिल्यांदाच तिचा आवाज चढला, "उद्या मी दोन्ही औषधं घेणार. तुम्ही मीठ वरून घ्या."