पहिली ऑर्डर

तळघरातून वर आलेलं स्टूल सुनेने उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं, आणि दुकानातली महाग वस्तू परत ठेवावी तसं ते अलगद सासऱ्यांच्या हातात दिलं.

"छान झालंय हो बाबा. पण ठेवायचं कुठे? राहू दे तुमच्याकडेच. तुम्हालाच बसायला होईल."

सासरे स्टूल घेऊन खाली गेले. वजनमापं खात्यातून निवृत्त झाले तरी गल्लीत त्यांना अजून निरीक्षकच म्हणत. खाली स्टुलाला सोबत होती. आधीचा ट्रे, पुस्तकांचा कप्पा, चपलांची मांडणी, सगळं सासरी न नांदलेल्या मुलींसारखं एकेक करून परत आलं होतं. निरीक्षकांची आता एकच इच्छा उरली होती. आपल्या हातची एक तरी वस्तू वर, घरात, रोजच्या वापरात असावी.

तळघर त्यांना घरच्यांनीच थाटून दिलं होतं. निवृत्त झाल्या झाल्या त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे तोलले. दुधाच्या पिशवीत दूध कमी भरतं हे सिद्ध केलं. मुलगा दात घासताना किती बादल्या पाणी वाया घालवतो, ते पाहुण्यांसमोर सांगितलं. तेव्हा एका रविवारी मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हाला सुतारकामाची आवड होती ना?"

निरीक्षकांना आठवलं, शाळेत असताना त्यांनी एकदा पेन्सिलपेटी केली होती. तेवढी आवड पुरली.

मग घर एकदम हौसेने कामाला लागलं. मुलाने वायरमन बोलावून खाली दिवे आणि पंखा लावून घेतला. जुनं जेवणाचं टेबल कामाला दिलं. निरीक्षकांनी भिंतीवर फळी ठोकून करवत, रंधा, पटाश्या टांगल्या आणि प्रत्येक हत्याराभोवती पेन्सिलने त्याचीच आकृती काढली, म्हणजे हत्यार चुकीच्या जागी बसायला नको. बायको म्हणाली, "अहो, दमलात तर जिने चढत कशाला बसता?" आणि खाली खाट पाठवली. सुनेने चहाची किटली दिली. पुढे दुपारचं ताट झाकून खालीच यायला लागलं, आणि मग रात्रीचंही. इतकं कौतुक निरीक्षकांचं नोकरीत कधी झालं नव्हतं. निरोप समारंभालासुद्धा अर्धं ऑफिस रजेवर होतं.

स्टूल परत आलं त्याच आठवड्यात सून स्वतः जिना उतरून खाली आली. अशी ती पहिल्यांदाच आली होती.

"बाबा, एक दार कराल?"

निरीक्षकांच्या हातातला रंधा थांबला. "दार? कुठे बसवायचंय?"

"वर. जिन्याच्या तोंडाशी. भुसा फार येतो हो. सोफ्यावर भुसा, चहात भुसा."

"आणि आवाज?"

"तोही येतोच," सून म्हणाली. "पण तेवढं जमेल का तुम्हाला?"

'तुम्हाला जमणार नाही' असं म्हणणारा माणूस आयुष्यात निरीक्षकांना वरचढ ठरला नव्हता. त्यांनी जिन्याचं तोंड वर, खाली आणि मध्ये असं तीन ठिकाणी मापलं. भिंत तिरकी निघाली. गवंड्याने ती अंदाजपंचे बांधली होती. ही बातमी त्यांना जेवताना सगळ्यांना सांगायची होती, पण जेवण खाली येत असल्यामुळे त्यांनी ती ताट घेऊन आलेल्या बायकोला सांगितली.

"माझं दार घरात बसणार. येता-जाता सगळ्यांना दिसणार."

"हो ना," बायको म्हणाली आणि ताट ठेवून वर गेली.

त्यांनी जुन्या कपाटाच्या जाड फळ्या रंधून काढल्या. तिरक्या भिंतीला साजेल अशी चौकट केली. फटीतून भुसा जाऊ नये म्हणून कडांना लोकरीच्या जाड नमद्याची पट्टी चिकटवली, आणि आवाज जाऊ नये म्हणून दार दुहेरी केलं. मधल्या पोकळीत भुसाच ठासून भरला. ही युक्ती त्यांना स्वतःलाच इतकी आवडली की ते एकटेच हसले.

दार बसवायच्या दिवशी अख्खं घर जिन्याच्या तोंडाशी जमलं. मुलाने बिजागऱ्यांचे स्क्रू हातात धरले. बायकोने दारावरून हात फिरवला. शेवटी निरीक्षकांनी कडी उचलली.

"ही आतून लावतो. करवत चालू असताना कोणी एकदम दार उघडलं की हात दचकतो."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आतून नको बाबा," सून म्हणाली. "आमच्या बाजूने लावा."

"वाऱ्याने आपटतं ना," मुलगा घाईघाईने म्हणाला.

निरीक्षकांनी बायकोकडे पाहिलं. ती खिळ्यांचा डबा आवरत होती.

कारण पटण्यासारखं होतं. तळघरात वारा नव्हता, पण कारण पटण्यासारखं होतं. निरीक्षकांनी कडी वरच्या बाजूने, गुण्या लावून, अगदी काटकोनात बसवली.

"आता परीक्षा," ते म्हणाले. "दाराची खोट आतून कळते. मी आत जातो, तुम्ही लावून घ्या."

मुलाने कडी सरकवली. ती एका बोटाने सरकली. निरीक्षकांनी पायरीवर उभं राहून जिन्यातल्या बटणाने खालचे दिवे मालवले आणि उजेडाची रेघ शोधली. रेघ नव्हती. चारी कडांवरून त्यांनी तळहात फिरवला. झुळूक नव्हती. खांद्याने रेटून पाहिलं. दार हललं नाही. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच तपासलेल्या वस्तूत त्यांना खोट सापडली नाही.

"कसं झालंय?" त्यांनी अंधारातून मोठ्याने विचारलं.

दार इतकं नेमकं बसलं होतं, की वर कोणी काही म्हणालं की नाही, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता.