स्टिअरिंगमागच्या दोन पट्ट्या

"बसवा, पण जोडू नका," सरोजिनी म्हणाली. "एवढंच सांगायला आले."

चिकलठाण्याच्या शेडमध्ये मल्हारी मिस्त्री स्टुलावर बसून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा कानशीनं घासत होता. शेळीच्या कानाएवढ्या दोन पट्ट्या. व्यंकटरावांच्या गाडीत त्या स्टिअरिंगच्या मागं, दोन्ही बाजूंना बसणार होत्या. उजवी ओढली की गिअर वर, डावी ओढली की खाली.

गाडी ऑटोमॅटिक होती. लाल, दोन दारांची. वाळूजचा एक जपानी इंजिनिअर मायदेशी जाताना विकून गेलेला. ती आपले गिअर आपणच टाकायची. पण केबलवर शर्यती बघून सरोजिनीच्या नवऱ्याला, व्यंकटरावांना, ते हातानं टाकायचे होते.

कडेवरच्या चिऊनं पत्र्याकडे हात केला. सरोजिनीनं तो मुठीत धरला.

"ओढलं की टिक वाजावं, दिवा लागावा. बाकी गाडी आपली आपण चालू दे. त्यांना कळता कामा नये."

मल्हारी फडक्यानं हात पुसायला लागला. बराच वेळ पुसत राहिला.

"भ्या वाटतंय व्हय, वहिनी?"

"मागच्या वर्षी दौलताबादच्या वळणावर यांचा मित्र गेला. शर्यतच लावली होती. यांनीच त्याला दवाखान्यात नेलं."

"काम झालंच समजा," मल्हारी म्हणाला. "आन् एका गिऱ्हाइकाचं दुसऱ्यापाशी बोलायची सवय नाय मला. आमच्या आज्यानं पंचवीस घरची मेंढरं राखली, पण ह्याची किती व्याली ते त्याला कधी सांगितलं नाय."

सरोजिनीला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

वाट बघणं तिच्या अंगात मुरलेलं होतं. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत वडील सोयगावला अडकले, तेव्हा ती बारा वर्षांची होती. तीन दिवस खिडकीत बसून होती. लग्न झालं, एम.ए. झालं, चिऊ झाली. खिडकी काही सुटली नाही. यंदा संक्रांतीला विद्यापीठाला नाव मिळालं, तेव्हाही ती खिडकीतच होती. रस्त्यानं निळे झेंडे गेले, पेढे वाटले गेले, शहर शांत राहिलं. व्यंकटराव सहाच्या आत घरी आले. तेव्हा कुठं तिनं चहा टाकला.

पट्ट्या बसल्यावर पहिल्या रविवारी तिघं खुलताबादेकडं गेले. व्यंकटरावांनी उजवी पट्टी ओढली. टिक. हिरवा दिवा.

"बघ, कसा गिअर पडला! कळतंय ना?"

"हो, कळतंय की," सरोजिनी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

वाटभर टिकटिक चालली होती. काटा मात्र पन्नासच्या पुढं गेला नाही.

"नवं काम आहे," व्यंकटराव म्हणाले. "महिनाभर दमानं घ्यायला सांगितलंय मल्हारीनं."

तिनं मनातल्या मनात मल्हारीला हात जोडले.

महिना संपला तसे कारखान्यातले भागीदार अनंतराव चहाला आले.

"काय व्यंकटराव, गाडीला पंख लावलेत म्हणे! मग येत्या रविवारी सकाळी होऊन जाऊ दे. नगर नाक्यापासून दौलताबाद किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत. का घाबरलात?"

"घाबरतोय कोण?" व्यंकटराव म्हणाले. "रविवार म्हणजे रविवार."

त्यांच्या चहावर साय धरली होती.

त्या दिवसापासून सरोजिनीच्या डोळ्यासमोर एकच गोष्ट. वळण येईल. वेग कमी करायला ते डावी पट्टी ओढतील. टिक वाजेल, दिवा लागेल आणि गाडी तशीच पुढं जाईल. जे टाळायला गेलो, तेच आपण हातानं करून ठेवलं.

शनिवारी सकाळी व्यंकटराव गाडी घेऊन कारखान्यात म्हणून गेले. दुपारी ती चिऊला घेऊन रिक्षानं चिकलठाण्याला पोचली. शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली कुठलीशी गाडी उभी होती. मल्हारी भाकरी खात होता.

"भाऊ, आजच जोडून टाका त्या पट्ट्या. उद्या शर्यत आहे. मला काय बोलायचं ते बोलू देत, मी सगळं सांगते त्यांना. पण ऐनवेळी त्यांचा हात रिकामा जायला नको."

मल्हारीनं भाकरी खाली ठेवली. चिऊकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"बसा, वहिनी. आज आज्याची सवय मोडावी लागती."

त्यानं कोपऱ्यातली ताडपत्री ओढली. खाली लाल गाडी होती. बॉनेट उघडं, बॅटरी काढून बाजूला ठेवलेली.

"सकाळीच सोडून गेलेत साहेब. सोमवारपर्यंत दुरुस्त होऊ देऊ नको म्हणाले. आन् त्या पट्ट्यांचं म्हणाल, तर तुम्ही यायच्या आदल्या दिवशीच सांगून गेले होते. म्हणाले, 'कारखान्यात चारचौघांत बोलून बसलोय, म्हणून बसव, पण जोडू नको. वळण दिसलं की भीतीनं पाय आपसूक ब्रेकवर जातो माझा. घरी तेवढं कळू देऊ नको मल्हारी, बायको मला वाघ समजते.'"