पुढचा प्रश्न

लातूरच्या जर्मन क्लासात त्या दिवशी सरांनी जोड्या लावून एकमेकांच्या मुलाखती घ्यायला सांगितल्या. दामिनी आणि तिचा नवरा अमरनाथ दोघंही नर्सिंग झालेले, जर्मनीला सोबतच जायचं म्हणून क्लास लावलेला. घरी भाकरी थापता थापता तीच त्याच्याकडून शब्द घोटून घ्यायची. ती हौसेनं पुढं झाली.

"तुमचं लग्न झालंय का?" तिनं जर्मनमध्ये विचारलं.

"नाही. एकटा," त्यानं जर्मनमध्येच सांगितलं.

वर्ग खो खो हसला. दामिनीही हसली. सर म्हणाले, "अमरनाथ, शब्दात गल्लत झाली तुझी."

"न्हाई सर," तो मराठीत म्हणाला, "शब्द पाठ हाय. तिकडं असंच सांगायचंय मला."

हसू थांबलं. सरांनी घसा खाकरला. "दामिनी, पुढचा प्रश्न घे."

फळ्यावर पुढचा प्रश्न मुलाबाळांचा होता. दामिनीला पाचवा महिना लागला होता. ओढणी पोटावर ओढून घेत तिनं तो विचारला.

"नाही, मला मुलंबाळं नाहीत," अमरनाथ म्हणाला.

"शाब्बास," सर सुटका झाल्यासारखे बोलले, "हे कसं पूर्ण वाक्यात आलं!"