दुसऱ्यांदा भाजलेली कॉफी

बाळांनो, समजा, तुमची आई चार महिन्यांनी खळखळून हसतेय आणि ते हसणं तुम्हालाच थांबवायचंय. इथिओपियातल्या गोंदर गावच्या छोट्या मेकलितवर तीच वेळ आली. तिच्या आईचा आजार दोन टोकांचा: आधी महिनोन्महिने अंथरूण, मग झोपच नाही, नुसतं आनंदाचं उधाण. आज शेजारणींसोबत कॉफीचा तिसरा, तिथल्या रीतीप्रमाणे आशीर्वादाचा शेवटचा पेला झाला, तरी आई पुन्हा बिया भाजायला बसली. “फिकिर्ते, एवढी कॉफी पाजून आम्हालाही जागवणार काय गं!” एक शेजारीण आईला हसून म्हणाली. बरी असताना आईनंच बजावलं होतं, “मी पुन्हा भाजायला बसले, की समज, माझी झोप उडणार; निखारे विझव आणि मला निजव. काहीबाही बोलेन, ऐकू नकोस.” मेकलितनं निखाऱ्यांवर पाणी ओतलं. धूर उठला, हसणं थांबलं. “पाहुण्यांसमोर? कार्टे, माझं सुख बघवत नाही तुला?” आई किंचाळली. शेजारणी उठल्या. मेकलितनं भरदुपारी गादी अंथरली, आधी स्वतः आडवी झाली आणि शेजारची जागा थोपटली.