जास्वंदीच्या बुडाशी

"नखं उघड्यावर टाकू नगंस बाळा, मातीआड कर. वैऱ्याच्या हाती लागली की घात." नेसरी गावच्या आजीला जाऊन वीस वर्षं झाली. भर दुपारी क्रांतीच्या कानाशी तिचा आवाज उमटला, कारण बाहेर कसबा बावड्यातली अख्खी गल्ली तेच ओरडत होती.

शालूबाईच्या नातीची नखं गळाली होती. हाताची सात, पायाची चार. ना मार, ना जखम; पिकल्या पानागत सुटून आलेली. आणि गल्लीतल्या पोरांची नखं दर रविवारी काढायची ती बयाबाई. एकटी म्हातारी. उन्हात बसून, एकेका बोटाला एकेक गाणं म्हणत.

"ए थेरडे, काढलेली नखं ठेवतीस कुठं? बोल की!" शालूबाईनं तिचा पदर धरला.

"जास्वंदीच्या बुडाशी टाकतो की गं. अजून कुठं?"

"ऐकलासा? नखं पुरून करणी करतीया! सोताच्या तोंडानं बोलली!"

कुणीतरी म्हातारीची वळकटी रस्त्यावर आणून टाकली. "आजच्या आज गल्ली सोडायची," एकजण म्हणाला. बयाबाई हात जोडून एकेका दाराकडं बघत राहिली.

दाराआड क्रांतीनं चार वर्षांच्या निशिगंधाला पोटाशी घट्ट धरलं होतं. पोरीच्या हातात मोजे होते. आठ दिवस झाले, क्रांतीनं ते कुणासमोर काढू दिले नव्हते. बोललं तर गल्ली आपल्याला फाडून खाईल. न बोललं तर ही म्हातारी कुठं जाईल? बाहेर बयाबाईचं पातेलं दगडावर आपटलं.

क्रांती पोरीला कडेवर घेऊन बाहेर आली.

"सोडा तिला."

"तू कशाला मधी पडतीस?"

क्रांतीनं मोजे ओढून काढले. नखांच्या जागी कोवळी, लाल कातडी.

"बगा, बगा! हिला बी खाल्ली म्हातारीनं!" शालूबाई किंचाळली. दोघंजण बयाबाईकडं धावले.

क्रांती आडवी आली.

"न्हाय मावशी. दोन महिन्यामागं तुमच्या नातीला ताप आलता, अंगावर फोड आलतं, आठवतंय न्हवं? त्या तापानंच नखं गळत्यात, डॉक्टर बोलल्यात. तो ताप हिला आधी आलता. दुसऱ्या पोरांत सोडू नका म्हणून त्यांनी बजावलंतं. मला रजा मिळंना. फोडांवर पावडर थापून मी हिला बालवाडीत तुमच्या नातीशेजारी बसवून आलतो."