थंड पाई

सव्वीस वर्षं मी यॉर्कशायरच्या खाणगावांत रग्बी लीगचा रेफरी होतो. या गावातला सामना संपला की क्लबच्या खिडकीतून डोरीन मला मटणाची पाई द्यायची: गावचा संघ जिंकला तर गरम, हरला तर थंड. आज माझा शेवटचा सामना. अखेरच्या मिनिटाला तिच्याच पोराने कोपऱ्यात, गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला; गुण मिळाले की सामना गावचा. अख्खं गाव नाचलं. मी गुण दिले नाहीत. त्याचा बूट आधीच सीमारेषेला लागला होता. करंडक पाहुण्यांनी नेला. मी ताठ मानेने खिडकीशी गेलो. "घे, आंधळ्या!" डोरीनने बशी आपटली. पाई बर्फासारखी. "शेवटच्या दिवशी तरी गरम द्यायचीस!" मागून पोरगा पुटपुटला, "आई, बूट लागला होता गं." "मला दिसलं नाही होय? रेषेलगतच उभी होते. हरलो ना? मग थंडच!" बशी चाटूनपुसून मी पुढे केली. "अशीच आणखी एक दे."